‘ग्रिस’ : कौतुक आणि आक्षेप

प्रश्न : हाताने रेखाटलेल्या ‘ग्रिस’ या व्हिडिओ गेमचे एवढे कौतुक झाले, तरी काही समीक्षकांना तो तोकडा का वाटला?

उत्तर : बार्सिलोनाच्या नोमाडा स्टुडिओचा हा गेम डिसेंबर २०१८मध्ये आला, तेव्हा चित्रकार कोनराड रोसेट यांच्या जलरंगी दृश्यांची आणि बर्लिनिस्ट या बँडच्या संगीताची मनापासून प्रशंसा झाली. आक्षेप होता तो खेळाच्या बाजूवर : नायिका कधी मरत नाही, कोडी सोपी आहेत आणि तीन-चार तासांत सारे संपते. मला हा आक्षेप अपुरा वाटतो. स्पॅनिशमध्ये ‘ग्रिस’ म्हणजे करडा. आवाज हरवलेल्या, शोकात बुडालेल्या मुलीच्या या करड्या जगात एकेक रंग परतत असताना हरण्याची धास्ती सतत मागे लागली असती, तर खेळणाऱ्याला तिच्या दुःखाजवळ थांबताच आले नसते. २०१९च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सामाजिक आशयाच्या गेमसाठीचा पुरस्कार त्यालाच मिळाला.