घाशीराम खलनायक की बळी?

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकातल्या घाशीरामला खलनायक म्हणावं की बळी, असं तुम्ही विचारलंय. पहिल्याच वाक्यात निकाल देऊन टाकू नका, नाहीतर पुढची तीन पानं फक्त त्या निकालाची वकिली होते.

संहिता हातात घ्या आणि कागदावर दोन रकाने पाडा : 'त्याच्यावर काय झालं' आणि 'त्यानं काय केलं'. नोंदी प्रवेशांच्या क्रमानंच करा. बहुतेक उत्तरं क्रमातच घसरतात. मुलगी गेली म्हणून तो क्रूर झाला, असं सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्षात पुण्याचा कोतवाल, म्हणजे शहराचा पोलीसप्रमुख, झाल्यावर त्यानं लादलेला परवान्यांचा जाच आणि चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवण्याचं दिव्य, म्हणजे खरं-खोटं ठरवायची अघोरी परीक्षा, हे सगळं त्याची मुलगी गौरी जिवंत असतानाच घडतं. म्हणजे दुःखानं क्रौर्य वाढतं, पण सुरू तिथून होत नाही.

त्या दिव्याच्या प्रवेशावर थांबाच. रमण्यात, म्हणजे पेशव्यांकडून ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाते तिथं, घाशीरामवर चोरीचा खोटा आळ येतो, मार बसतो, कोठडी मिळते. कोतवाल झाल्यावर तो काय करतो? चोरीचाच आळ, आणि कबुली येईपर्यंत छळ. अन्याय कसा करतात तेवढं तो नेमकं शिकला.

आता खरी गाठ. नाटकात तो स्वतःला दोनदा दोषी ठरवतो. एकदा कोतवालीच्या बदल्यात गौरीला पेशव्यांचा कारभारी नाना फडणवीस याच्या स्वाधीन करताना, तेव्हा तो प्रेक्षकांनाच आपल्यावर थुंकायला आणि दगड मारायला सांगतो. दुसऱ्यांदा शेवटी, जमावासमोर, जेव्हा ते दगड खरोखर पडतात. दोन्ही वेळा कबुली कशाची? मुलीची. तुमच्या छातीवर नाचलो, हे तो सांगतो, पण शिक्षा मागतो ती मुलीच्या मृत्यूची. त्यानं कोंडल्यामुळे कोठडीत गुदमरून मेलेले ब्राह्मण त्याच्या हिशेबात येतच नाहीत. माझ्या मते त्याची नैतिक संदिग्धता इथं आहे : पश्चात्ताप अस्सल आहे, पण तो घराच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. उत्तराचा निम्मा भाग यावर खर्च केलात तरी चालेल.

नाना थोडक्यात घ्या. घाशीरामच्या पापाचं खापर परस्पर घाशीरामवरच फुटेल, हा हिशेब करून तो कोतवाली देतो आणि शेवटी त्याच्या मरणाचा तीन दिवस उत्सव करायला सांगतो. पण 'खरा गुन्हेगार नाना' एवढ्यावर उत्तर संपवलंत, तर घाशीराम सुटला. सौदा त्याला डोळे उघडे ठेवून करता आला, हे विसरू नका.

अजून दोन चुका. इतिहासातला घाशीराम 1791 साली जमावाच्या हातून मारला गेला, पण ते पुरावे इथं लावू नका. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असं तेंडुलकरांनीच म्हटलं होतं. आणि रंगमंचावर ओळीनं उभ्या राहणाऱ्या ब्राह्मणांची मानवी भिंत नेपथ्य समजून सोडू नका. तीच माणसं भजन म्हणतात, बावनखणीत, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीत, जातात, पाठ फिरवून आडोसा होतात. कुठल्या प्रवेशात त्यांची तोंडं कुठं आहेत, एवढं जरी टिपलंत, तरी घाशीरामच्या बाजूला तिसरा रकाना आपोआप तयार होतो.