वॉरंटीत बॉल स्क्रू झिजला, दाद कुठे मागायची?

प्रश्न : गोकुळ शिरगाव एमआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे. कर्ज काढून 34 लाखांचे व्हीएमसी (धातू कापणारे, संगणकावर चालणारे मशीन) घेतले. त्यावर बिडाच्या कास्टिंगचे काम तीन शिफ्ट चालते, सहा ऑपरेटर आहेत. दहाव्या महिन्यातच एक्स आणि वाय ॲक्सिसला बॅकलॅश (स्क्रू-नटातली ढिलाई) आला, बोअरचे सेंटर हलून जॉब रिजेक्ट होऊ लागले. पुरवठादार म्हणतो, मशीन अति वापरले, बॉल स्क्रूची (टेबल सरकवणाऱ्या स्क्रूची) झीज वॉरंटीत येत नाही. बदलायचे पावणेचार लाखांचे कोटेशन दिले आहे. ग्राहक मंचात जाऊ का? बँकेचे हप्ते थांबवू का?

उत्तर : आधी एक करा. ते स्क्रू इतक्यात कोणालाही काढून नेऊ देऊ नका. तुमचा दावा त्यांच्यावरच उभा राहणार आहे.

ग्राहक आयोगाचा रस्ता तुमच्यासाठी जवळजवळ बंद आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे. अपवाद फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये याची रेघ आखली, आणि तो वाद सीएनसी मशीनचाच होता. मालक स्वतः मशीन चालवत असेल आणि हाताखाली एक-दोन माणसे असतील तर तो ग्राहक राहतो. सहा ऑपरेटर आणि तीन शिफ्ट हे त्यात बसवणे कठीण. तिथे दोन-तीन वर्षे घालवू नका.

तुमची बाजू 1930 च्या माल विक्री कायद्यात आहे. कशासाठी माल हवा हे विक्रेत्याला सांगितले, त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतला, तर तो त्या कामाला योग्य असावा ही अट कलम 16 प्रमाणे करारात गृहीत धरली जाते. म्हणून पुरवठादाराने मशीन विकताना दिलेला टाइम स्टडी (एका जॉबला किती वेळ लागेल याचा हिशेब) शोधा. त्यात बिडाचा जॉब आणि तीन शिफ्टचे उत्पादन लिहिलेले असेल, तर "अति वापर" म्हणायला त्याला तोंड उरत नाही. मात्र अशी गृहीत अट लेखी कराराने काढून टाकता येते (कलम 62). वॉरंटीच्या मागची बारीक अक्षरे वकिलाला दाखवा, आणि लवादाचे किंवा "फक्त अमुक शहराचे न्यायालय" असे कलम आहे का तेही पाहा.

आता झिजेबद्दल. बॉल स्क्रूचे आयुष्य कॅलेंडरवर नाही, भारावर आणि फेऱ्यांवर मोजतात; भार दुप्पट झाला तर आयुष्य आठवा हिस्सा उरते. भाराच्या हिशेबाने निवडलेला आणि नीट तेल मिळणारा स्क्रू तीन शिफ्टमध्येही वर्षाच्या आत संपू नये. तो संपला तर कारण शोधावेच लागते. ल्यूब लाइन (तेलाची नळी) चोंदली, कव्हर-वायपर फाटून बिडाची भुकटी नटात गेली, की बसवतानाच अलाइनमेंट चुकले? पहिल्या दोन कारणांत तुमच्या देखभालीवर बोट येईल, तिसऱ्यात पुरवठादारावर. ल्यूब युनिटचा अलार्म मुळातच चालत नसेल तर पहिलेही त्यांच्याकडे वळते. तेल भरल्याची नोंदवही आजच सांभाळून ठेवा.

वॉरंटी संपण्याआधी नोंदणीकृत टपालाने आणि ईमेलने नोटीस द्या : पंधरा दिवसांत संयुक्त तपासणीला या, नाही आलात तर स्वतंत्र चार्टर्ड इंजिनिअरकडून करून घेऊ. बॉल-बार चाचणी (ॲक्सिस अचूक गोल फिरतात का ते पाहणारी), डायलचे रीडिंग, फोटो आणि कंट्रोलवरचे (मशीनच्या संगणकावरचे) चालू तास, सगळे घ्या. फॅनक कंपनीचा कंट्रोल असेल तर 1851 हा बॅकलॅश भरून काढणारा पॅरामीटर टिपून ठेवा. सर्व्हिसवाल्याने मधल्या काळात तो वाढवत नेला असेल, तर दोष त्यांना आधीपासून माहीत होता असे म्हणायला जागा होते.

तपासणीनंतर मशीन झाकून ठेवू नका. नुकसान आटोक्यात ठेवायला तुम्ही काय केले, हे करार कायद्याच्या कलम 73 खाली भरपाई ठरवताना न्यायालय पाहते. "हक्क राखून" असे लिहून स्क्रू बदलून घ्या आणि जुने सील करून पंचनाम्यासह स्वतःकडे ठेवा. बुडालेल्या ऑर्डरचा नफा मिळण्याची आशा कमी ठेवा, बहुतेक वॉरंट्या तो नाकारतात. दुरुस्ती आणि रिजेक्ट मालाचा खर्च यांवर जोर द्या.

दावा तीन लाखांच्या वर असल्याने तो व्यावसायिक न्यायालयात जातो. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थी सक्तीची आहे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पक्के केले. मुदत साधारण तीन वर्षांची, पण तिची वाट पाहू नका. हातात अहवाल असेल तर अशी प्रकरणे मध्यस्थीतच मिटण्याची चांगली शक्यता असते.

हप्ते मात्र थांबवू नका. कर्जाचा करार बँकेशी आहे, मशीनच्या दोषाशी तिचे देणेघेणे नाही. 90 दिवस थकबाकी राहिली की खाते एनपीए (थकीत कर्ज) होते, मग गहाण मशीनवर जप्ती येऊ शकते. पुरवठादाराची काही रक्कम तुमच्याकडे राहिली असेल तर ती कलम 59 खाली किमतीतून वळती मागता येईल, पण कारण आधी लेखी कळवूनच.