एमआरआयमध्ये 'इम्पिंजमेंट' आलं, ऑपरेशन करू का?

प्रश्न : वय 58, राहणार सत्तरी तालुका, गोवा. घरची माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळापानांची चौकट) दरवर्षी मीच बांधतो. गेल्या चवथीपासून (गणेश चतुर्थीपासून) उजवा खांदा दुखतोय. हात वर नेताना मध्येच कळ येते, त्या कुशीवर झोप लागत नाही. एमआरआयच्या अहवालात 'सुप्रास्पायनेटसला पार्शल टीअर, बर्सायटिस, इम्पिंजमेंट' असं लिहिलंय. एका ठिकाणी ऑपरेशन सुचवलं. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचे वाटले ते दोन शब्द, 'मध्येच कळ'. हात बाजूने उचलताना साधारण 60 ते 120 अंशांमध्ये दुखलं आणि पुढे हलकं वाटलं, की संशय इम्पिंजमेंटचा. खांद्यावरचं अक्रोमियन हे हाड म्हणजे छप्पर. त्याखालून सुप्रास्पायनेटस या स्नायूची शीर, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारा दोर (टेंडन), सरकते आणि मध्ये बर्सा नावाची मऊ पिशवी असते; तिला सूज आली की बर्सायटिस. दुखऱ्या खांद्यात हात वर गेला की ही दोन्ही तिथं चिमटतात, तेच इम्पिंजमेंट.

आता एमआरआय आठवा. तुम्ही उताणे पडला होता, हात अंगालगत, स्थिर. चिमटा बसतो तो हात उचलल्यावर. म्हणजे चित्रात सूज दिसली, झीज दिसली, प्रत्यक्ष चिमटणं दिसलं नाही. ते अनुमान आहे. आणि झीज तर न दुखणाऱ्या खांद्यातही असते. 1995 साली अमेरिकेत खांद्याची कसलीच तक्रार नसलेल्या 96 जणांचे एमआरआय काढले, तर साठीपुढच्या निम्म्याहून अधिक जणांत शीर थोडीफार फाटलेली निघाली.

म्हापशात मी रोज खांद्यांची सोनोग्राफी करते. प्रोब खांद्यावर धरून पेशंटला हात सावकाश उचलायला सांगते. निरोगी शीर हाडाखाली गुपचूप सरकून जाते. दुखऱ्या खांद्यात बर्सा हाडाच्या कडेशी चुणी पडल्यासारखी गोळा होते आणि नेमक्या त्याच क्षणी पेशंट म्हणतो, "हांगाच, हांगाच!" (इथंच, इथंच!) चित्र आणि दुखणं असं एकत्र भेटलं की माझा विश्वास बसतो. मात्र ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते, म्हणून खांद्यांची सवय असलेल्याकडेच जा.

साधा एक्स-रेही काढून घ्या. हाडाची वाढलेली चोच, कॅल्शियमचा खडा त्यात दिसतो. छपराखालची जागा 7 मिलिमीटरहून कमी भरली, तर शीर पूर्ण फाटल्याची शंका घ्यावी लागते.

ऑपरेशनची घाई मला पटत नाही. 2018 साली ब्रिटनमधल्या चाचणीत ऑपरेशनने अक्रोमियनचं हाड तासलेल्यांना, नुसती दुर्बीण घालून पाहिलेल्यांपेक्षा म्हणण्यासारखा जास्त गुण आला नाही. आधी तीन महिने नेमाने फिजिओथेरपी करा. पडल्यावर हात उचलेनासा झाला, जोर एकदम गेला किंवा ताप आला, तर मात्र थांबू नका. दुसरं मत घ्यायला बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाल तेव्हा नुसता कागद नको, एमआरआयची सीडीही न्या.

आणि यंदा माटोळीची चौकट कमरेइतकी खाली घेऊन केवणीच्या सालीचे दोर बांधा. नारळांचा घोस, केळीचा घड वर चढवायला घरातल्या पोरांना हाक मारा.