क्लिनिकल ट्रायलसाठी दीड लाखाचा डिप्लोमा करावा का?

प्रश्न : मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय गणित आणि सांख्यिकी. तिला औषधांच्या नव्या पद्धतीच्या, लवचिक चाचण्या आखायचं काम करायचंय. नागपूरची एक खासगी संस्था सहा महिन्यांच्या डिप्लोम्याला दीड लाख मागते, नोकरीची हमी देते. सोयाबीनचे पैसे त्यात घालू का? आणि माणसांवर प्रयोग करायचं काम पोरीनं करावं का?
– एक शेतकरी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

नमस्कार भाऊ,

सोयाबीनचे पैसे घरातच राहू द्या. अशा डिप्लोम्यातून मिळालीच तर कागदपत्रं सांभाळायची नोकरी मिळते. वाईट नाही, पण ताईला चाचणी आखायची आहे, आणि ते काम मुळात सांख्यिकीचं आहे.

लवचिक चाचणी म्हणजे आलेले निकाल पाहून मधेच औषधं काढता-घालता येणारी चाचणी. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये मार्च 2020 मध्ये कोरोनावर ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी सुरू झाली. एकाच चाचणीत अनेक औषधं. जूनमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा उपयोग दिसेना, तो गट बंद केला. त्याच महिन्यात स्वस्तातलं डेक्सामेथासोन जीव वाचवतं हे कळलं. नवी औषधं मधूनच आत आली. पण लवचिक म्हणजे मनाला येईल तेव्हा बदल, असं नव्हे. निकाल पुन्हापुन्हा उघडून पाहिला तर फसगत होते: एरवी 5 टक्के चुकीची मुभा असलेली कसोटी सारख्या अंतराने पाच वेळा लावली, तर अगदी निरुपयोगी औषधही ‘गुणकारी’ ठरायची शक्यता 14 टक्क्यांवर जाते. म्हणून कधी पाहायचं, काय दिसलं तर थांबायचं, हे आधीच लिहून ठेवतात, आणि ते नियम संगणकावर हजारो खोट्या चाचण्या चालवून तपासतात. ताईने ‘आर’ ही सांख्यिकीची संगणक भाषा शिकायला आजच घ्यावी, फुकट आहे.

पुढे एमएस्सी सांख्यिकी. नागपूर किंवा अमरावती विद्यापीठ चालेल. जमलं तर आयआयटीतल्या एमएस्सीसाठी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा द्यावी, किंवा मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यासाच्या संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्याची सांख्यिकी, पाहावं. हमीच्या जाहिरातींपेक्षा हा रस्ता लांबचा आहे, हे मान्य.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. रुग्णाची लेखी संमती आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई 2019 च्या नियमांत आहे. नियम कागदावर राहू नयेत म्हणून खेड्यातली माणसं या कामात हवीतच. गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, 47 गावांशी तुलना केली, नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ती चाचणी लवचिक प्रकारची नव्हती, पण ती पेलली गावातल्याच बायांनी. बाळंतपण झालेल्या घरात शिरून नोंद घेणं शहरातल्या एमएस्सीला जमेलच असं नाही.

सध्या तिला एवढंच सांगा : सीटीआरआय या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर सिकलसेलच्या चाचण्या शोध. आपल्या भागातलंच दुखणं आहे. किती रुग्ण घेणार, कशाशी तुलना, निकाल कशावरून ठरणार, हे वहीत उतरव. चार-पाच चाचण्यांनंतरही कंटाळा आला नाही, तर ‘जॅम’चा अर्ज भरा. तो साधारण सप्टेंबरात निघतो.