पाकिटावरचे हिरवे पान आणि आतला जिन्नस

वाचकांचे प्रश्न : आहार आणि आरोग्य

सेंद्रिय आणि नैसर्गिक आहाराविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि नावे गाळून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : गेली दोन वर्षे आम्ही घरात जमेल तेवढे सेंद्रिय धान्य, फळे आणि भाज्या आणतो. त्यामुळे किराण्याचा खर्च बराच वाढला आहे. सासूबाईंचे म्हणणे असे, की हे श्रीमंतांचे खूळ आहे. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही, परंतु या अन्नाचा आरोग्याला खरोखर फायदा होतो का, हे समजून घ्यायचे आहे.

उत्तर : आपल्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. सेंद्रिय अन्नात कीटकनाशकांचे अंश कमी असतात का, त्यात पोषण अधिक असते का, आणि ते खाणारी माणसे कमी आजारी पडतात का? तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि जाहिरातदाराची हातचलाखी नेमकी येथे असते : पहिल्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर तो हळूच तिसऱ्या प्रश्नाला चिकटवून देतो.

अंश कमी असतात, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये 2014 साली 343 शोधनिबंधांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यानुसार नेहमीच्या पद्धतीने पिकवलेल्या मालात कीटकनाशकाचा अंश सापडण्याचे प्रमाण सेंद्रिय मालाच्या सुमारे चौपट होते. शरीरातही हा फरक दिसतो. अमेरिकेतील सिएटल येथील 23 शाळकरी व लहान मुलांच्या आहारातील बहुतेक जिन्नस पाच दिवसांसाठी सेंद्रिय करण्यात आले, तेव्हा त्यांच्या लघवीतील मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या दोन कीटकनाशकांच्या खुणा जवळजवळ लगेच नाहीशा झाल्या आणि जुना आहार सुरू होताच परतल्या. हा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण ही द्रव्ये आपल्या अंगात येतात ती मुख्यतः जेवणातून, हे त्याने दाखवून दिले. मात्र त्या पाच दिवसांत मुलांची प्रकृती सुधारली, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. तो त्या अभ्यासाचा विषयच नव्हता.

पोषणाच्या बाबतीत फरक आहे, पण तो सांगितला जातो तेवढा नाही. प्रथिने आणि जीवनसत्त्वे यांत म्हणण्यासारखे अंतर सहसा आढळत नाही. पॉलिफेनॉल या गटातील द्रव्ये सेंद्रिय पिकांत काहीशी अधिक आढळतात आणि त्यामागे एक तर्कशुद्ध कारण आहे. ही द्रव्ये बव्हंशी वनस्पतीच्या स्वसंरक्षणाची साधने असतात. रासायनिक खतातून नत्र सढळ मिळाले, की रोप वाढीकडे झुकते आणि संरक्षणावर कमी खर्च करते. परंतु फळाचा वाण, त्याची पक्वता, जमीन आणि काढणीनंतर ते किती दिवस पडून राहिले, यांमुळे पडणारा फरक पुष्कळदा याहून मोठा असतो. आठवडाभर शिळी झालेली सेंद्रिय पालेभाजी ताज्या साध्या पालेभाजीपेक्षा सरस ठरण्याचे काही कारण नाही. सेंद्रिय दुधात ओमेगा-3 स्निग्धाम्ले निम्म्याने अधिक असतात, हे खरे आहे. त्याचे श्रेय मात्र गाय कुरणात चरते याला आहे, आणि एकूण आहारात दूध हा ओमेगा-3चा तसा किरकोळच स्रोत आहे.

राहिला तिसरा प्रश्न, आणि येथे पुरावा डळमळतो. ब्रिटनमध्ये सहा लाखांहून अधिक स्त्रियांचा सुमारे नऊ वर्षे मागोवा घेण्यात आला; 2014 साली जाहीर झालेल्या त्या निष्कर्षांत सेंद्रिय अन्न नेहमी खाणाऱ्या स्त्रियांना एकंदरीत कर्करोग कमी झाला, असे दिसले नाही. याउलट फ्रान्समधील सुमारे 69,000 प्रौढांच्या 2018 सालच्या अभ्यासात सर्वाधिक सेंद्रिय खाणाऱ्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण 25 टक्क्यांनी कमी आढळले. मग खरे कोणाचे मानायचे? अडचण अशी, की सेंद्रिय अन्न घेणारी माणसे सहसा अधिक शिकलेली आणि अधिक सुस्थितीतील असतात, धूम्रपान कमी करतात, व्यायाम करतात आणि फळे-भाज्याही अधिक खातात. गणिताने या गोष्टी वजा करण्याचा प्रयत्न संशोधक करतात. तरी त्या पूर्णपणे वजा होतातच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तेव्हा सासूबाईंचे म्हणणे सर्वस्वी खरे नाही आणि आपली निवडही चुकीची नाही. मी आपल्याला एकच गोष्ट तपासायला सांगेन : खर्च वाढल्यामुळे घरातील फळांचे आणि भाज्यांचे एकूण प्रमाण घटले आहे का? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळे व भाज्या खाण्यास सांगते. फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, असे दाखवणारे बहुतेक अभ्यास साधा, फवारणीचा शेतमाल खाणाऱ्या माणसांवरच झालेले आहेत. चार सफरचंदांच्या जागी दोनच सेंद्रिय सफरचंदे येत असतील, तर हा सौदा तोट्याचा आहे.

प्रश्न : सोबत एका बिस्किटाच्या पुड्याचे छायाचित्र पाठवत आहे. त्यावर ‘नैसर्गिक’ आणि ‘सेंद्रिय’ असे दोन्ही शब्द आहेत. या दोन शब्दांत फरक काय? आणि ही बिस्किटे मुलांना डब्यात रोज दिली तर चालतील का?

उत्तर : ‘सेंद्रिय’ या शब्दामागे कायदा उभा असतो, ‘नैसर्गिक’मागे बहुधा कोणीच नसते. अमेरिकेत 2002 पासून आणि युरोपीय संघात त्याहीपूर्वीपासून सेंद्रिय मालासाठी लेखी नियम, तपासनीस आणि प्रमाणपत्र आहे. युरोपात 2010 पासून वेष्टित सेंद्रिय मालावर हिरव्या पानाचे चिन्ह बंधनकारक आहे. साध्या शेतीतून सेंद्रिय शेतीत येण्यासाठी जमिनीला साधारणपणे दोन ते तीन वर्षांचा संक्रमणकाळ पूर्ण करावा लागतो. कृत्रिम नत्रखते, जनुकीय बदल केलेले बियाणे आणि किरणोत्साराने केलेले निर्जंतुकीकरण यांना मनाई असते. याउलट ‘नैसर्गिक’ या शब्दाची औपचारिक व्याख्या करावी का, यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2015 साली जनतेची मते मागवली, परंतु त्यातून व्याख्या काही जन्माला आली नाही.

एक गैरसमज मात्र येथेच दूर केला पाहिजे. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असे नव्हे. तांब्याची संयुगे, गंधक, शेवंतीवर्गातील फुलांपासून मिळणारे पायरेथ्रम आणि जिवाणूंपासून मिळणारे स्पिनोसॅड यांना अनेक ठिकाणी परवानगी असते. तांबे जमिनीत साचत जाते, म्हणून युरोपीय संघाने त्यावर सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे. प्रमाणपत्र हे माल कसा पिकवला याचे असते. तो खाल्ल्याने काय होईल, याची हमी त्यात नसते.

आता आपला पुडा. छायाचित्र मोठे करून मी घटकांची यादी वाचली. पहिला घटक सेंद्रिय मैदा, दुसरा सेंद्रिय साखर, तिसरा सेंद्रिय पामतेल. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिले जातात, म्हणजे मैद्याखालोखाल या बिस्किटात साखरच आहे, आणि गव्हातील सर्वांत कामाचा भाग, म्हणजे कोंडा आणि अंकुर, दळतानाच निघून गेलेला आहे. तरीही पुड्यावरचे पान पाहून आपला हात सैल सुटतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 115 जणांना अगदी एकसारखी बिस्किटे, दही आणि वेफर्स दिले, फक्त अर्ध्यांवर ‘सेंद्रिय’ आणि अर्ध्यांवर ‘साधे’ अशी चिठ्ठी लावली. चिठ्ठी वाचून लोकांना सेंद्रिय पदार्थांत उष्मांक कमी वाटले, आणि त्यासाठी अधिक पैसे मोजण्याचीही त्यांची तयारी दिसली.

माझ्या मते प्रकृतीच्या दृष्टीने ‘सेंद्रिय की साधे’ या प्रश्नापेक्षा मोठा प्रश्न कारखान्यातील प्रक्रियेचा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 20 स्वयंसेवकांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे, घरगुती धाटणीचे अन्न देण्यात आले. समोर ठेवलेल्या ताटांतील साखर, स्निग्धांश आणि तंतू यांचे प्रमाण सारखेच होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियित अन्नाच्या काळात त्याच माणसांनी दिवसाला सुमारे 500 उष्मांक अधिक खाल्ले आणि त्यांचे वजन सुमारे 0.9 किलोने वाढले. हा प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला. बिस्किटे सणासुदीला द्यावीत. डब्यात रोज एक फळ आणि मूठभर दाणे द्यावेत, मग ते सेंद्रिय असोत वा नसोत.

प्रश्न : मिठाच्या पाण्यात, व्हिनेगरमध्ये किंवा खाण्याच्या सोड्यात फळे बुडवून ठेवल्यास विष निघून जाते, असे संदेश सतत येतात. यात तथ्य किती?

उत्तर : सोड्यापुरते तथ्य आहे, आणि त्यालाही मर्यादा आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात 2017 साली सफरचंदांवर दोन कीडनाशके लावून ती निरनिराळ्या प्रकारे धुऊन पाहण्यात आली. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम, म्हणजे साधारण दोन लहान चमचे, खाण्याचा सोडा घालून 12 ते 15 मिनिटे ठेवल्यावर पृष्ठभागावरचे अंश जवळजवळ पूर्ण निघाले. नुसत्या पाण्याने तेवढे निघाले नाहीत. परंतु त्यांपैकी एका द्रव्याचा सुमारे पाचवा हिस्सा तोवर सालीच्या आत शिरलेला होता, आणि तो कशानेच निघाला नाही. साल काढली तर तोही जाईल, पण सालीबरोबर तंतू आणि पॉलिफेनॉलही जातील. रोपाच्या रसातून सर्वांगात भिनणारी कीटकनाशके तर धुण्याच्या आवाक्याबाहेरचीच आहेत. रोजच्यासाठी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुणे पुरेसे आहे. भांड्यांचा साबण मात्र वापरू नये. तो फळात मुरतो.

प्रश्न : माझा नातू आठ महिन्यांचा आहे. ओळखीतून शुद्ध, पोळ्यातून थेट काढलेला मध आणि न तापवलेले दूध मिळते. नैसर्गिक असल्यामुळे ते बाळाला द्यावे असे मला वाटते, पण सून नको म्हणते. आपले मत काय?

उत्तर : आजी, सूनबाईंचेच ऐकावे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध अजिबात देऊ नये, बोट बुडवून चाटवण्यापुरताही नाही. मधात बोटुलिझमच्या जंतूंची बीजुके असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती रुजत नाहीत, बाळाच्या रुजतात आणि तेथे तयार होणाऱ्या विषाने स्नायू लुळे पडतात. मध जितका ‘शुद्ध’ तितका निर्धोक, असे येथे नसते. कच्च्या दुधातून लिस्टेरिया, साल्मोनेला यांसारखे जंतू येतात, म्हणून ते बाळाला नको आणि गर्भवतीलाही नको. राजमा हा आणखी एक दाखला : तो कच्चा वा अर्धकच्चा खाल्ल्यास त्यातील नैसर्गिक द्रव्यामुळे जोराच्या उलट्या होतात. म्हणून तो किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळ उकळून मगच शिजवावा. आणि 2011 साली जर्मनीत ज्या ई. कोलाय साथीने पन्नासाहून अधिक माणसे दगावली, तिचा माग एका सेंद्रिय शेतावरच्या मोडांपर्यंत जाऊन पोहोचला होता. दोष सेंद्रिय पद्धतीचा नव्हता, दूषित बियाण्याचा होता. पण जंतूंना प्रमाणपत्र वाचता येत नाही.

प्रश्न : सगळेच सेंद्रिय घेणे परवडत नाही. मग प्राधान्य कशाला द्यावे?

उत्तर : जे सालीसकट किंवा पानासकट खातो, त्याला आधी. स्ट्रॉबेरी, द्राक्षे, सफरचंद, पालक हे पदार्थ या यादीत वर येतात. कांदा, मक्याचे कणीस, कलिंगड यांवर वेगळा खर्च करण्याची निकड नाही. कोंड्यासकट धान्य खाणाऱ्यांनी धान्याचा विचार अवश्य करावा, कारण साठवणीत वापरलेल्या कीटकनाशकांचे अंश बरेचसे कोंड्यात राहतात. घरात गर्भवती किंवा लहान मूल असेल, तर माझे माप थोडे सेंद्रियाच्या बाजूने झुकते. वाढत्या मेंदूच्या बाबतीत सावधगिरी जास्त झाली तरी हरकत नाही.

वर्तमानपत्रांतील ‘घातक फळांच्या’ याद्या मात्र जरा जपून वाचाव्यात. अन्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत मी काम करत असताना केळी तपासणीसाठी येत, तेव्हा ती देठ कापून सालीसकट मिक्सरमध्ये घातली जात. त्या करड्या लगद्यातील 10 ग्रॅम नळीत घेऊन पुढची परीक्षा होई. नियमच तसा आहे, कारण कमाल अवशेष मर्यादा, म्हणजे मालात कीटकनाशकाचा जास्तीत जास्त किती अंश चालतो तो आकडा, ही मुळात शेतकऱ्याने औषध सांगितल्याप्रमाणे मारले की नाही, हे तपासण्यासाठी असते. ती आरोग्याला धोका कोठे सुरू होतो ती रेषा नव्हे, आणि त्या अहवालातला आकडा आपण सोलून खातो त्या केळ्याचाही नव्हे.

प्रश्न : मला मधुमेह आहे. सेंद्रिय साखर किंवा मध चालेल का?

उत्तर : नाही. ऊस कसा पिकवला, याचा रक्तातील साखरेशी संबंध नाही, आणि मधाच्या वजनाचा सुमारे चार पंचमांश भाग साखरच असतो. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही मध आणि फळांचा रस धरून अशी साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली ठेवण्यास सांगते. आपण गेल्या तीन महिन्यांपासून चहात दोन चमचे सेंद्रिय साखर घेत आहात, असे पत्रात लिहिले आहे. ते पुढच्या भेटीत डॉक्टरांनाही सांगावे, म्हणजे वाढलेल्या आकड्याचे कारण ते औषधात शोधत बसणार नाहीत.