ठाण्यातल्या टॉकीज कशावर जगायच्या आणि कशाने मागे पडल्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘ठाण्यात नवीन राहायला आलोय. रिक्षावाले पत्ता सांगताना वंदना, प्रताप सिनेमा, मल्हार अशी नावं घेतात. एका शहरात इतकी थिएटरं चालायची कशी? आणि मल्टिप्लेक्स आल्यामुळेच ती मागे पडली का?’

मल्टिप्लेक्समुळे, असं तुम्हाला कोणीही सांगेल. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. माझ्या मते टॉकीजच्या मुळावर आली ती पिक्चर गावोगाव पोचण्याची बदललेली पद्धत. पूर्वी पिक्चर फिरत फिरत, आठवड्यामागून आठवडे मुरत यायचा आणि गल्लीतली टॉकीज त्या मुरण्यावर जगायची. आता तो एकाच शुक्रवारी सगळीकडे लागतो आणि रविवार रात्रीपर्यंत त्याचा निकाल लागलेला असतो. या हिशोबात आमच्या टॉकीजना जागाच उरली नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझे धाकटे काका ठाण्यातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर, म्हणजे मशीनवर पिक्चर चालवणारे, होते. टॉकीजचं नाव लिहीत नाही, कारण मालकांच्या घरचे लोक अजून त्याच भागात राहतात. काकांचा डबा पोचवायचं काम लहानपणी माझ्याकडे असायचं, त्यामुळे पडद्यापेक्षा केबिनच मी जास्त पाहिली.

आधी नकाशा समजून घ्या. स्टेशनच्या बाजूला अशोक आणि प्रभात, गोखले रोडवर मल्हार, कोलबाडला प्रताप, पूर्वेला कोपरीत आनंद, शिवाय गणेश, आराधना, वंदना. वंदनाचं नाव तर शेजारच्या एसटी स्टँडलाच चिकटलं. प्रत्येक टॉकीजचं गिऱ्हाईक वेगळं होतं. स्टेशनजवळच्यांना गाडी बदलणारा, वेळ काढायला आलेला माणूस मिळायचा. नौपाड्याच्या बाजूला कुटुंबं. आणि १९६०च्या दशकात एमआयडीसीचं वागळे इस्टेट उभं राहिल्यावर कारखान्यांच्या पाळ्यांप्रमाणे खेळ भरू लागले. पहिली पाळी सुटलेला कामगार घरी जाऊन अंघोळ करून सहाच्या खेळाला हजर. पगाराच्या आठवड्यात बाल्कनी, महिनाअखेरीस लोअर स्टॉल. माणूस तोच, खुर्ची वेगळी.

ही दरांची उतरंड हा टॉकीजचा कणा होता. लोअर स्टॉल, अप्पर स्टॉल, बाल्कनी. आमच्या टॉकीजमध्ये पुढच्या रांगांना लाकडी खुर्च्या होत्या आणि मान वर करून बघावं लागायचं, पण पिक्चर तोच आणि त्याच वेळी. साहेब बाल्कनीत, त्यांच्या कंपनीतला हेल्पर खाली, आणि शिट्टी वाजली की दोघेही हसायचे. आज मॉलमध्ये तो हेल्पर मुळात शिरतच नाही. मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती याची.

आता पिक्चर यायचा कसा ते सांगते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर नाझ सिनेमाच्या आवारात वितरकांची ऑफिसं होती. प्रिंट, म्हणजे पिक्चरच्या रिळांची प्रत, बुक व्हायची ती तिथे. एका प्रिंटचा खर्च शेवटच्या काळात पन्नास-साठ हजारांच्या घरात गेला होता, त्यामुळे वितरक मोजक्याच प्रिंट काढायचा. नवा पिक्चर शहरात एखाद-दुसऱ्या टॉकीजला लागायचा. बाकीच्यांना तीच प्रिंट काही आठवड्यांनी, रेघोट्या पडलेली, भाड्यानेही स्वस्त. तोवर जुने पिक्चर, आणि मॅटिनीला त्याहून जुने. चालू असलेल्या पिक्चरचा आठवड्याचा गल्ला ठरलेल्या आकड्याच्या वर राहिला तर तो पुढच्या आठवड्यातही चालू राहायचा, खाली आला की उतरायचा. पिक्चरला जीव धरायला वेळ मिळायचा. पहिल्या आठवड्यात रिकामा गेलेला पिक्चर तिसऱ्या आठवड्यात तोंडी प्रसिद्धीवर भरलेला काकांनी पाहिला होता. आता तिसरा आठवडा बघायलाच मिळत नाही.

एकच प्रिंट दोन टॉकीजमध्येही चालायची. खेळाच्या वेळा मागेपुढे ठेवायच्या आणि इकडची रिळं संपतील तशी सायकलवरून तिकडे धाडायची. तलावपाळीला गर्दी असली, जांभळी नाक्यावर गाडी अडकली, तर तिकडचं इंटरव्हल लांबायचं. लोक ओरडायचे, पण त्यांनाही कारण ठाऊक असायचं.

केबिनमधलं काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा फार अंगमेहनतीचं. पस्तीस एमएमची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने धावते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. अडीच तासांचा पिक्चर म्हणजे साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरहून जास्त लांबीची फिल्म, डब्यांत भरून जिन्याने वर चढवायची. दोन मशीन शेजारी शेजारी. दोन हजार फुटांचं रीळ साधारण बावीस मिनिटं चालायचं, तेवढ्यात दुसऱ्या मशीनवर पुढचं चढवून तयार ठेवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका क्षणभर चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन सुरू करायचं, काही सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, त्याला पडद्यावरचा उजेड आणि आवाज नव्या मशीनवर घ्यायचा. नीट जमलं तर खाली बसलेल्या आठशे माणसांतल्या एकालाही कळत नाही. काकांना याचा अभिमान होता आणि तो रास्त होता.

उजेड कार्बनचा. दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी धरायची, कांड्या जळत जातात तसं त्यांच्यातलं अंतर हाताने सांभाळायचं. लक्ष उडालं की पडद्यावरचं चित्र पिवळं पडायचं. धूर जायला वर चिमणी, पण खोलीत वास आणि भट्टी असतेच. उरलेल्या कांड्यांवरचा तांब्याचा पापुद्रा आम्ही मुलं सोलून काढायचो. पुढे झेनॉनचे दिवे आले तेव्हा काकांचा खोकला बराच कमी झाला. फिल्म तुटली की खालून शिट्ट्या आणि ‘ए ऑपरेटर!’. ब्लेडने टोकं खरवडायची, सोल्यूशन लावायचं, दाबून जोडायचं आणि पुन्हा चालू.

पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची रिळं दाखवणं परवान्याच्या अटीतच होतं. ही सरकारी संस्था १९४८ची. धरणं, दुष्काळ, पंतप्रधानांचे दौरे, सगळं आमच्या गल्लीने तिथे पाहिलं. त्यानंतर काचेच्या स्लाइड: शहरातला सोनार, साड्यांचं दुकान, क्लासेस. त्या जाहिरातींवर शेजारपाजारच्या दुकानांचं नाव चालायचं आणि टॉकीजच्या खर्चाला हातभार लागायचा. टॉकीजवर पोट असणारी माणसं तिथे पगारावर असणाऱ्यांच्या कितीतरी पट होती. सायकल स्टँडवाला, इंटरव्हलचे वडे तळणारा, पोस्टर चिकटवणारा, हातगाडीवर बोर्ड लावून वस्तीत फिरणारा. आणि हो, ब्लॅकवाले. त्यांचं समर्थन करत नाही, पण हाऊसफुल्लचा बोर्ड लागला की नाही याची खात्रीची खबर त्यांच्याकडेच मिळायची.

बायकांबद्दल लिहायलाच हवं, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक पुरुष असतात आणि हे राहून जातं. तिकिटाला बायकांची रांग वेगळी असायची आणि ती छोटी असायची, म्हणून अनोळखी पुरुषसुद्धा ‘ताई, दोन तिकिटं काढता का?’ म्हणून पैसे पुढे करायचे. आमच्या चाळीतल्या बायका दुपारचं आवरून तीनच्या खेळाला एकत्र जायच्या आणि संध्याकाळचं नळाचं पाणी यायच्या आत परतायच्या. नवऱ्याशिवाय, सासूच्या परवानगीने, घराबाहेर तीन तास बसता येईल अशा जागा तेव्हा देऊळ आणि टॉकीज, एवढ्याच होत्या. घरगुती दुःखाचे मराठी पिक्चर दुपारी भरायचे ते यामुळे. डोअरकीपर ओळखीचा, बॅटरी दाखवून पोरींना भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसवणारा. रात्रीच्या खेळाची गोष्ट वेगळी, तिथे आम्हाला कोणी पाठवलं नसतं.

मग बिनसलं कुठे? १९८२मध्ये रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हिडिओ. नवा पिक्चर चोरून कॅसेटवर यायचा आणि दोन रुपयांत एखाद्याच्या खोलीत पंचवीस माणसं तो बघायची. नव्वदीत केबल घरात शिरली. याच काळात ठाण्याच्या कारखान्यांना उतरती कळा लागली आणि पाळी सुटल्यावर टॉकीजला येणारा प्रेक्षक आटला. गल्ला घटला तसा मालकांनी खर्च कमी केला: खुर्च्या फाटल्या, पंखे बंद, संडासाची दशा सांगायला नको. आधी कुटुंबं यायची थांबली. कुटुंबं थांबली की बाल्कनी रिकामी, आणि बाल्कनीच्याच पैशावर खालचं तिकीट स्वस्त ठेवता येत होतं.

त्यात करमणूक कर. मुंबईसारख्या शहरात तो पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत होता. २००१मध्ये राज्य सरकारने नव्या मल्टिप्लेक्सना सुरुवातीच्या वर्षांसाठी या करात मोठी सूट दिली, आणि जुन्या एक पडद्याच्या टॉकीजना मात्र कर भरावाच लागत राहिला. नव्या धंद्याला हात द्यायला हरकत नाही, पण त्याच रस्त्यावरच्या जुन्या धंद्याने पूर्ण कर भरत त्याच्याशी स्पर्धा करायची, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. इटर्निटी, वंडर, कोरम हे मॉल आले, आणि २०१३मध्ये विवियाना, आत चौदा पडद्यांचं थिएटर घेऊन. घोडबंदर रोडला राहायला आलेल्या नव्या ठाण्याला कोलबाड किंवा कोपरीला येण्याचं कारणच उरलं नाही.

पण शेवटचा घाव डिजिटलचा. २००५च्या सुमारास उपग्रहावरून थेट थिएटरच्या सर्व्हरवर पिक्चर पाठवणं सुरू झालं. प्रिंटचा खर्च गेला म्हणून टॉकीजवाले सुरुवातीला खूश होते, कारण नवा पिक्चर आता पहिल्याच दिवशी त्यांच्याकडेही येणार होता. झालं उलटंच. सगळ्यांनाच पहिल्या दिवशी मिळू लागल्यावर दुसऱ्या हाताने, स्वस्तात, उशिरा पिक्चर दाखवणं ही टॉकीजची जी खास जागा होती तीच नाहीशी झाली. शुक्रवारी एसी मॉल आणि फाटक्या खुर्च्या यांत लोक काय निवडणार? आणि ज्याला परवडत नाही तो महिनाभर थांबायला तयार असायचा, तर आता काही आठवड्यांत पिक्चर मोबाइलवर येतो. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, करमणूक कर त्यात विरला, पण तोवर उशीर झाला होता. मार्च २०२०मध्ये थिएटरं बंद झाली, नोव्हेंबरमध्ये निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ला उघडली. वीज, परवाने, पगार यांचा बोजा सोसत इतके दिवस तग धरणं एका पडद्याच्या मालकाला अवघडच.

शिवाय जमीन. आठशे-हजार खुर्च्यांची टॉकीज म्हणजे भर वस्तीत केवढा तरी प्लॉट, आणि नौपाडा-पाचपाखाडीत जागेला आलेला भाव सगळ्यांना माहीत आहे. मालकांना लोभी म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी नाही म्हणणार. तीन भावांत वाटणी, चार माणसांचे खेळ, आणि दारात रोज बिल्डर. त्या जागी आपण काय केलं असतं ते स्वतःला विचारून बघावं.

मल्टिप्लेक्सचं चांगलंही सांगते. स्वच्छतागृह नीट असतं, रात्रीच्या खेळाला मी मुलीला घेऊन निर्धास्त जाते, आणि दीडशे खुर्च्यांच्या लहान पडद्यामुळे छोट्या मराठी पिक्चरला निदान दार उघडतं. मात्र त्याला सकाळी पावणेदहाचा खेळ द्यायचा आणि प्रेक्षक येत नाही म्हणून दोन दिवसांत उतरवायचा, हे बंद व्हायला हवं. टॉकीज आज असती तर त्याच पिक्चरला तीन आठवडे मिळाले असते.

उपाय विचाराल तर माझ्या मते एकच व्यवहार्य आहे. जुन्या टॉकीजच्या प्लॉटवर नवं बांधकाम होऊ द्यावं, पण त्यात दोन-अडीचशे खुर्च्यांचा एक पडदा आणि तिकिटाला कमाल दर, अशी अट घालावी, आणि त्या पडद्यापुरता कर माफ करावा. पूर्ण टॉकीजच ठेवा असा आग्रह धरला की मालक कुलूप लावून बसतो आणि इमारत पावसात कुजते.

काकांचं म्हणाल तर सर्व्हर आल्यावर केबिनमध्ये यादी लावून बटण दाबणारा एक मुलगा पुरेसा होता. काकांकडे वायरमनचं लायसन्स होतं, त्यावर त्यांनी पुढे सोसायट्यांची कामं केली. त्यांच्या वहीत प्रत्येक पिक्चरची रिळं, कुठे जोड आहे, कितवं रीळ खराब आलं, सगळं लिहिलेलं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९६४पासून चित्रपटांबरोबर पोस्टर, फोटो, पुस्तिका असं साहित्यही जमवलं जातं. वही तिथे द्यायचं आम्ही घरी ठरवलं आहे. ठाण्यात कोणाच्या माळ्यावर टॉकीजच्या स्लाइड, तिकिटांची अर्धुकं, प्लॅनचे कागद असतील तर रद्दीत घालण्याआधी त्यांच्याकडे विचारून बघा. आणि तुम्ही नवीन आहात, तर पुढच्या वेळी रिक्षावाला ‘प्रताप सिनेमा’ म्हणाला की त्याने तिथे शेवटचा कुठला पिक्चर पाहिला ते विचारा. माझ्यापेक्षा जास्त माहिती मिळेल.