दूरदर्शनवरची 'चंद्रकांता' आवडली होती. मूळ कादंबरी तशीच आहे का, आणि आज वाचावी का?

जरूर वाचा, फक्त मालिका बाजूला ठेवून वाचा. नीरजा गुलेरींची १९९४ साली सुरू झालेली मालिका चमत्कारांनी भरलेली होती. देवकीनंदन खत्रींच्या १८८८ च्या कादंबरीत मात्र खरी जादू जवळजवळ नाहीच, आणि मला हीच गोष्ट तिची सगळ्यात मोठी ताकद वाटते.

कथा आठवत असेलच. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचं एकमेकांवर प्रेम. विजयगढच्या वजिराचा मुलगा क्रूरसिंह याला राजकन्या हवी आणि गादीही. डाव अंगाशी येतो तेव्हा तो चुनारगढच्या राजा शिवदत्तकडे पळतो, त्याचे कान भरतो, आणि पुढे शिवदत्तच मुख्य शत्रू होऊन बसतो.

पण पुस्तक खरं तर या राजांचं नाही, अय्यारांचं आहे. खत्री प्रस्तावनेतच सांगतात की पूर्वी राजदरबारात असे हरहुन्नरी लोक चाकरीला असत. वेषांतर, औषधं, गाणं-बजावणं, धावणं, शस्त्र, हेरगिरी सगळं त्यांना येई, आणि राजांची लढाई ते रक्त न सांडता मिटवत. वीरेंद्रसिंहाचा मित्र तेजसिंह हा असा अय्यार. त्याच्या बटव्यात बेशुद्ध करायची औषधं असतात आणि शुद्धीवर आणायला हुंगवायचा लखलखा. शत्रूचा माणूस एकटा गाठायचा, बेशुद्ध करायचा, गाठोडं बांधून पाठीवर घ्यायचं आणि त्याचंच सोंग घेऊन दरबारात शिरायचं. शत्रूकडचे अय्यारही याच विद्येत तयार, त्यामुळे समोर बोलतोय तो आपलाच माणूस की त्याच्या रूपातला दुसरा कुणी, ही धाकधूक पानोपानी राहते. चपला आणि चंपा या राजकन्येच्या नुसत्या सख्या नाहीत, पक्क्या अय्यारा आहेत. त्या काळच्या कादंबरीत बायकांना इतकं काम दिलेलं पाहून मला फार बरं वाटतं.

तिलिस्माचंही, म्हणजे खजिना राखणाऱ्या चक्रावून टाकणाऱ्या गूढ बांधकामाचंही, तसंच. एका पडक्या इमारतीत दगडी बगळा माणसाला गिळतो, हे वाचताना अंगावर काटा येतो. पण खत्री पुढे त्यामागची कारागिरी उलगडतात. ज्या राजाकडे अमाप खजिना असतो आणि वारस नसतो, तो जाणकारांकडून असं तिलिस्म बांधून घेतो, असा खुलासाही येतो. खत्रींनी बनारसजवळच्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. तिथली भग्न बांधकामं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून त्यांचे दरे, भुयारं, पडके वाडे इतके खरे वाटतात.

मालिकेनं हा बुद्धीचा खेळ पातळ केला. तरी अखिलेंद्र मिश्रांचा वर वळलेल्या भुवयांचा, 'यक्कू' म्हणणारा क्रूरसिंह कागदावरच्या क्रूरसिंहापेक्षा कितीतरी जिवंत आहे, हे मान्य करायलाच हवं. सोनू निगमचं शीर्षकगीत तर अजून अनेकांना तोंडपाठ असेल.

कादंबरीत खुपणारंही आहे. क्रूरसिंहाचे नाझिम आणि अहमद हे अय्यार ज्या पद्धतीने रंगवलेत, त्यात त्या काळचा पूर्वग्रह उघड दिसतो. वीरेंद्रसिंहाचे विरहाचे उसासेही लांबतात. ती पानं मी भराभर उलटतो.

भाषेची काळजी करू नका. हिंदी साधी, बोलती आहे. हे पुस्तक वाचता यावं म्हणून लोक हिंदी शिकले असं सांगतात, आणि याला साहित्याच्या पंक्तीत न बसवणाऱ्या, हिंदी साहित्याचे इतिहासकार रामचंद्र शुक्ल यांनीही खत्रींइतके हिंदी वाचक दुसऱ्या कुणी निर्माण केले नाहीत, अशी कबुली दिली आहे. भाग चारच आहेत. ते संपल्यावर अय्यारांचा नाद लागलाच, तर याच कथेची पुढची, २४ भागांची 'चंद्रकांता संतति' घ्या. त्यात भूतनाथ भेटेल, आणि माझ्या लेखी तो या सगळ्या पसाऱ्यातला सर्वांत गुंतागुंतीचा माणूस आहे.